घराचं उद्दिष्ट : किती, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशातून?

रानातली कामं उरकून, जेवणखाण आटोपून तुम्ही रेडिओ लावला असेल. हातातलं काम चालू ठेवा, पण आज जवळ एक वही आणि पेन असू द्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला शेजारी बसवा. आज आपण घरातल्या पैशाचं बोलणार आहोत, आणि हिशोब नुसता ऐकण्यापेक्षा मांडला की जास्त कळतो.

गटाच्या बैठकीत आम्ही पुष्कळदा विचारतो, "ताई, पैसे साठवून काय करायचंय?" उत्तरं पटापट येतात. पोरीला शिकवायचंय. पत्रे गळतात, ते बदलायचेत. सावकाराचं देणं फेडायचंय. एक म्हैस घ्यायचीय. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो, "किती लागतील आणि कधीपर्यंत?" इथं बैठक गप्प होते. कुणी म्हणतं, "जमेल तसं बघू." कुणी म्हणतं, "देव देईल तेव्हा."

पहिल्या प्रश्नाला जे सांगितलं, ती झाली इच्छा. इच्छा सगळ्यांच्याच असतात. त्या इच्छेला रक्कम लागली, तारीख लागली आणि ती रक्कम कोणत्या पैशातून यायची हे ठरलं, की तिचं उद्दिष्ट होतं. म्हणजे तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या : किती, कधीपर्यंत, कोणत्या पैशातून.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडं पैसाच थोडा, त्याचं कसलं उद्दिष्ट? मैत्रिणींनो, पैसा थोडा असतो तिथंच हे जास्त लागतं. घरात पैसा आला की जो आधी दार वाजवतो, त्याच्याकडं तो जातो. दुकानदाराची उधारी दार वाजवते, पाहुण्याचं लग्न दार वाजवतं, मोबाइलचा रिचार्ज संपला की तो आठवण करून देतो. पोरीची अकरावी मात्र दार वाजवायला येत नाही. ती एकदम जूनमध्ये समोर उभी राहते. त्याच जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि धाकट्याच्या वह्या-पुस्तकांचाही खर्च असतो. मग कुणीतरी म्हणतं, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." कितीतरी घरांत मुलीचं शिक्षण असंच सुटतं. तिच्या शिकण्याला कुणाचा विरोध नसतो. फक्त तिच्या नावानं पैसा बाजूला काढलेला नसतो.

आधी घराचा वर्षाचा हिशोब

आपण एक घर डोळ्यासमोर आणू. हे घर आम्ही उदाहरणासाठी मांडलंय, पण आकडे तुमच्या-आमच्या घरासारखेच आहेत. नवरा-बायको, सासूबाई, यंदा जूनमध्ये नववीत गेलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दोन एकर कोरडवाहू रान, एक गाय, एक शिलाई मशीन.

शेतकरी घराचा हिशोब महिन्याचा करून भागत नाही. पगारदाराला दर महिन्याला सारखा पैसा येतो. आपल्याकडं सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, हरभऱ्याचा मार्चमध्ये, दुधाचं बिल दहा दिवसांनी आणि मजुरी आठवडी बाजाराला. म्हणून हिशोब वर्षाचा मांडायचा.

या घरात येणारा पैसा असा :

सोयाबीन, पेरणी ते मळणीचा खर्च वजा करून – २५,००० रुपये
हरभरा, खर्च वजा करून – १२,०००
दूध, पेंड-चारा वजा करून महिन्याला २,५००, गाय आटते तो काळ सोडून ८ महिने – २०,०००
बाईची मजुरी, ३०० रुपये रोजानं १०० दिवस – ३०,०००
गड्याची मजुरी, ४०० रुपये रोजानं १२० दिवस – ४८,०००
शिलाई, महिन्याला १,००० – १२,०००

वर्षाची बेरीज झाली १,४७,००० रुपये.

एक गोष्ट बघा. मजुरी, शिलाई आणि दुधामागचं शेण-पाणी धरलं, तर या घरातला मोठा पैसा बाईच्या कष्टाचा आहे. हा आकडा कागदावर आला की घरात बोलताना तिचा आवाजही वेगळा होतो. म्हणून आपली कमाई लिहिताना "माझं काय, थोडंफार" असं म्हणून सोडून देऊ नका.

आता जाणारा पैसा. दर महिन्याला किराणा, भाजी, दळण ४,५००. गॅस, लाइट बिल, मोबाइल १,५००. दवाखाना आणि सासूबाईंच्या गोळ्या ८००. टपरीवरचा चहा आणि तंबाखू ६००. महिन्याचे झाले ७,४००, म्हणजे वर्षाचे ८८,८००. शिवाय वर्षातून लागणारे : शाळेचा खर्च १२,०००, सणवार आणि कपडे १२,०००, आहेर, पाहुणे आणि प्रवास ९,०००. हे ३३,०००. सगळं मिळून १,२१,८०० रुपये.

१,४७,००० मधून १,२१,८०० गेले की राहतात २५,२००. पण हे पैसे या घरात दिसत नाहीत. कारण मागं सासऱ्यांच्या आजारपणात सावकाराकडून २०,००० रुपये घेतले होते, शेकडा चारनं. शेकडा चार म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला चार रुपये, वर्षाला ४८. वीस हजारांवर महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपये नुसतं व्याज जातं. मुद्दल आहे तिथंच. हातात राहतात १५,६००, आणि तेही कुठं जातात ते कळत नाही.

मग उद्दिष्टं लिहायची

आता घरातली सगळी माणसं बसवायची. नवरा, सासूबाई, मुलं, सगळी. ज्याचं ऐकून घेतलेलं नसतं, तो पुढं खर्चाला हात आखडत नाही. या घरानं चार गोष्टी लिहिल्या.

एक, सावकाराचे २०,००० फेडायचे.
दोन, अडीनडीसाठी १०,००० बाजूला ठेवायचे. घराचा साधारण एक महिन्याचा खर्च हाताशी असावा म्हणून हा आकडा.
तीन, मुलगी दहावीनंतर तालुक्याला राहून शिकणार. त्याला पहिल्या वर्षासाठी ३०,००० रुपये, २४ महिन्यांनी येणाऱ्या जूनपर्यंत.
चार, घरावरचे पत्रे बदलायला ४०,०००.

रक्कम लिहिताना अंदाजानं लिहू नका. तालुक्याला गेलात की कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये जाऊन फी विचारा. वसतिगृहाचं, मेसचं, एसटीच्या पासाचं विचारा. शिष्यवृत्ती मिळते का, त्याला कोणते दाखले लागतात आणि ते केव्हा काढायला हवेत, हेही विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसला, तर हक्काची सवलत हातची जाते. हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि आकडा कळला की निम्मी भीती कमी होते.

चारही उद्दिष्टांची बेरीज १ लाख रुपये होते. वर्षाला फार तर पंचवीस हजार उरणार, मग सगळं एकदम कसं होईल? होणार नाही. म्हणून क्रम लावायचा.

पहिला नंबर महागड्या कर्जाचा

ज्या कर्जाचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी. शेकडा चारचं देणं डोक्यावर ठेवून बँकेत पैसे साठवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

या घरातली बाई बचतगटात आहे. गट अंतर्गत कर्ज शेकडा एकनं देतो असं धरू. काही गटांत शेकडा दोन असतं. तुमच्या गटाचा नियम तुम्हाला माहीत आहेच. तिनं गटातून २०,००० घेतले आणि त्याच दिवशी सावकाराचे फेडले. आता महिन्याला १,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १९०, असं उतरत शेवटच्या महिन्याला १०. वीस महिन्यांत कर्ज संपतं आणि एकूण व्याज जातं २,१०० रुपये.

सावकाराकडं याच वीस महिन्यांत १६,००० रुपये व्याज गेलं असतं, आणि वर वीस हजार देणं तसंच राहिलं असतं. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि घरात दाखवा.

गटाकडं एकदम वीस हजार नसतील, तर दहा हजार घेऊन आधी निम्मं फेडा. पैसे देताना सावकाराकडून पावती घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही-अंगठा दिला असेल तर तो कागद परत मागा. परवाना नसताना सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी त्रास देत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

आणखी एक. गटातून स्वतःच्या नावावर कर्ज काढून ते दुसऱ्याला देऊ नका, आणि एक हप्ता भरायला दुसऱ्या ठिकाणचं कर्ज उचलू नका. चार ठिकाणी हप्ते सुरू झाले की कोणतंच उद्दिष्ट टिकत नाही.

आता उरलेल्या पैशाची वाटणी

सावकाराचं व्याज थांबलं, म्हणून आता वर्षाला पूर्ण २५,२०० रुपये मोकळे आहेत. पहिल्या वर्षी गटाच्या कर्जाला मुद्दल १२,००० आणि व्याज १,७४० मिळून १३,७४० जातील. राहिले ११,४६०. त्यातले ५,००० अडीनडीला ठेवले, तर मुलीसाठी उरले ६,४६०.

दुसऱ्या वर्षी कर्जाचे आठच हप्ते उरतात. मुद्दल ८,००० आणि व्याज ३६०. राहिले १६,८४०. त्यातले ५,००० अडीनडीला ठेवले, की तिथले १०,००० पूर्ण झाले. मुलीसाठी ११,८४०.

दोन वर्षांचे मुलीचे झाले १८,३००. लागणार ३०,०००. कमी पडतात ११,७००.

इथं थांबा आणि या आकड्याकडं नीट बघा. आधी या घरासमोर "तीस हजार कुठून आणायचे?" असा प्रश्न होता. त्याला उत्तर नव्हतं, म्हणून कुणी तो विषय काढत नव्हतं. आता ११,७०० ला २४ महिन्यांनी भागा. महिन्याला ५०० रुपयेसुद्धा भरत नाहीत. म्हणजे मुलीनं पुढं शिकायचं की नाही, हा प्रश्न आता महिन्याला ५०० रुपये कुठून काढायचे एवढाच उरला. पाचशे रुपयांचं बोलणं कुठल्याही घरात होऊ शकतं. टपरीवरचे सहाशे आहेत, त्यातले तीनशे कमी होतील का? महिन्याला दोन पोलकी जास्त शिवता येतील का? आहेराला साडीऐवजी पाकीट चालेल का? नवऱ्याच्या तंबाखूवर बोट ठेवून भांडण काढू नका. वही समोर ठेवा, मुलीला शेजारी बसवा आणि विचारा, "पाचशे रुपये कमी पडतात, कुठून काढू या?" माणूस आपणहून जे सोडतो, ते टिकतं.

तरीही पूर्ण जमलं नाही, तर त्या जूनमध्ये चार-पाच हजारांचं कर्ज गटातून घ्यावं लागेल. ते फेडता येतं. तीस हजारांचं सावकारी कर्ज फेडता फेडता मुलीचं लग्न आलेलं असतं.

पत्र्यांचं काय? त्यापुढं लिहायचं : "दोन वर्षांनंतर." तोवर गळती असेल तिथं ताडपत्री. पत्रे नकोत असं कुणी म्हटलेलं नाही, त्यांचा नंबर नंतरचा आहे. आणि तेव्हा कर्जाचा हप्ताही संपलेला असेल.

कोणता पैसा कशाला

तिसरा प्रश्न आठवतो ना? कोणत्या पैशातून? "उरले की टाकू" म्हटलं तर उरत नाहीत. म्हणून पैसा यायच्या आधीच त्याला नाव द्यायचं. शिलाईचे हजार रुपये म्हणजे गटाच्या कर्जाचं मुद्दल, व्याजाचे शे-दोनशे मजुरीतून. सोयाबीनची पट्टी आली की त्याच आठवड्यात मुलीचे पैसे बँकेत. हरभऱ्याच्या पैशातून अडीनडीची भर. असं ठरलं की पैसा हातात आल्यावर रोज नव्यानं विचार करावा लागत नाही.

ठेवायचे कुठं, तेही उद्दिष्टावर ठरतं. अडीनडीचे पैसे बाईच्या स्वतःच्या बचत खात्यात, कारण ते रात्री-अपरात्री लागतील. डब्यात ठेवलेले पैसे सगळ्यांना दिसतात आणि कुणीही मागतं. मुलीचे पैसे दोन वर्षांनी लागणार, म्हणून बँकेत तेवढ्याच मुदतीची ठेव. पोस्टातली आवर्त ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत ५ वर्षांची आहे. म्हणून ती लांबच्या उद्दिष्टाला चांगली, उदाहरणार्थ पाचवीतल्या मुलाच्या दहावीनंतरच्या शिक्षणाला.

घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खातं काढता येतं. वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात. पैसे १५ वर्षं भरायचे, आणि खातं काढल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मात्र दोन वर्षांत लागणारा पैसा तिथं अडकवू नका.

बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी बँक असो, खासगी असो की सहकारी, एका बँकेत एका माणसामागं ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला किंवा भिशीला हे संरक्षण नाही. दाम दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

वर्ष बिघडलं तर?

पाऊस आपल्या वहीत बघून पडत नाही. म्हणून चांगल्या दिवसांतच ठरवून ठेवा की अडचण आली तर काय आधी थांबवायचं. या घरानं असं ठरवलं : आधी कपडे आणि आहेर कमी. मग मुलीच्या ठेवीत थोडी कमी भर, पण भर थांबवायची नाही. गटाचा हप्ता चुकवायचा नाही, कारण तिथं आपली पत आहे आणि बाकीच्या बायांचाही पैसा आहे. फारच अडलं तर गटाला आधी सांगून हप्ता लहान करून घ्यायचा.

अडीनडी म्हणजे काय, तेही आधीच लिहा. आजारपण, अपघात, जनावर दगावणं, पीक जाणं. पाहुण्यांचं लग्न, नवा मोबाइल आणि जत्रा या यादीत येत नाहीत.

आणि कमावतं माणूसच गेलं तर? त्यासाठी बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत जीवन ज्योती विमा मिळतो. १८ ते ५० वर्षांपर्यंत घेता येतो आणि माणूस गेल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. अपघातासाठी सुरक्षा विमा आहे, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, आणि अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. नवरा-बायको दोघांचे दोन्ही विमे मिळून ९१२ रुपये होतात. ते घरखर्चातच धरा. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे आहेत का, हे बघा आणि वारसाचं नाव बरोबर आहे का, तेही विचारून घ्या. विमा काढलाय हे घरात दुसऱ्या कुणाला माहीतच नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

कागद भिंतीवर लावा

शेवटचं काम सोपं आहे. एका कागदावर उद्दिष्ट, रक्कम आणि तारीख लिहा आणि रोज नजर जाईल अशा जागी लावा. मुलीच्या उद्दिष्टाखाली तीस चौकोन काढा. हजार रुपये जमले की एक चौकोन रंगवायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही मग कळतं की किती झालं आणि किती राहिलं. आमचं म्हणणं असं की रंगवायचं काम मुलीलाच द्या. घर आपल्यासाठी काय करतंय ते तिला दिसेल, आणि तीही अभ्यासाला तेवढ्याच जोरानं लागेल.

वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि पाडव्याला, कागद खाली काढून हिशोब बघा. तारीख पुढं ढकलावी लागली तर खोडून नवी लिहा, पण कोरी ठेवू नका.

गटांसाठी एक सुचवणं आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट ठेवलेला हिशोब ही पंचसूत्री आपण पाळतोच. पुढच्या बैठकीत त्याला एवढंच जोडा : प्रत्येकीनं आपल्या घराचं एकच उद्दिष्ट सांगायचं, किती, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशातून. सचिव ताईंनी ते वहीत टिपून ठेवायचं. म्हणजे कुणाला कोणत्या महिन्यात कर्ज लागणार हे गटालाही आधी कळेल, आणि जूनमध्ये दहा जणींची मागणी एकदम आली तरी त्याची तयारी असेल.

आज रात्री सगळं मांडायला बसू नका. आज फक्त येणारा पैसा लिहा. उद्या जाणारा. परवा घरातल्यांना बसवा आणि एक उद्दिष्ट ठरवा. बैठकीत काय ठरलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.